भरल्या ओटीने

गोजराबाई ताटात नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू घेऊन आत आली, तेव्हा तिची सून रूपाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोजराबाईच्या मागोमाग शेजारची साखरबाई आली. रूपालीचा नवरा मनीष दारात फाटलेलं जाळं सांधत बसला होता.

"ऊठ गं. ओटी भरायची हाय तुझी."

रूपाली हलली नाही. पंधरवडा ती अशीच पडून होती. केसांना फणी लागली नव्हती. अंगणात तिने टांगलेले बोंबील वाळून कडक झाले, तेही शेवटी सासूनेच उतरवले.

"आज काय सण हाय?" तिने भिंतीलाच विचारलं.

"सणच समज. फळीवरची तुझी डबी बघितली मी. झाकणावर धूळ बसलीय. गोळी सोडलीस ना तू?" गोजराबाईचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "मी साखरबायला बोललीच, पोरीला अक्कल आली. नवऱ्याला रोग झाला तर बायकोनं आपली कातडी वाचवायची नसते. जे त्याचं, ते तिचं. आता शोभतेस माझी सून."

"लक्ष्मी हाय गं, लक्ष्मी," साखरबाई म्हणाली.

मनीषचा हात थांबला. एचआयव्ही त्याच्या रक्तात होता. औषध नुकतंच सुरू झालं होतं. ते पुरतं लागू पडेपर्यंत रूपालीला लागण होऊ नये, म्हणून बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी तिलाही रोजची एक गोळी दिली होती.

"आये, तिला काय बोलू नको."

"तू जाळं सांध."

रूपाली उठून बसली. गाउनवर ओढणी घेतली. डोळे सुजले होते, पण ते सरळ सासूकडे बघत होते.

"त्याच्यासाठी नाय सोडली मी. मला जगायचाच कंटाळा आलता. वाचून तरी काय करू, म्हणून सोडली. त्यापायी ओटी भरताय तुमी?"

गोजराबाईच्या हातातलं ताट कललं. थोडे तांदूळ खाली सांडले.

"पंधरा दिवस मी पडून हाय, ते कुणाला दिसलं नाय. गोळी सोडली, तेवढी दिसली."

"ओटीच्या वेळेला असं अभद्र बोलू नये, बाय," साखरबाई पुटपुटली.

"मग भरा की." रूपालीने ओढणीचा पदर पुढे पसरला. "आणलीय तर भरा. आणलेली ओटी परत नेत नाय ना?"

ते खरं होतं. गोजराबाईने तिला कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला.

रूपाली उठली. भिंतीचा आधार घेत फळीपाशी गेली. डबी काढली, झाकणावरची धूळ गाउनला पुसली आणि डबी नारळाशेजारी ठेवून पदराला गाठ मारली.

"अगं, ते ओटीत ठेवायचं नसतं!" साखरबाई म्हणाली.

"माझी ओटी हाय."

तिने चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस?" गोजराबाईने विचारलं.

"बोईसरला. मध्ये खंड पडला तर आधी रक्त तपासायचं, मग गोळी, असं बाई बोलल्यात. आणि त्यांना सांगते, रक्तासंगं माझं मन पण तपासा. ते पण आजारी हाय."

मनीष जाळं बाजूला सारून उठला. "गाडी काढतो."

"काढ. पण पहिली तुझी गोळी घे. तुझी तू, माझी मी."

बाहेर काठ्यांवर ओले बोंबील टांगणाऱ्या बायकांचे हात थांबले. पंधरवड्यानंतर त्यांना रूपाली दिसत होती. विस्कटलेले केस, कपाळभर कुंकू, पोटाशी धरलेली भरली ओटी.

"अगो बाय! कुणी भरली गं?" एकीने विचारलं.

"सासूनं," रूपाली म्हणाली आणि ओढणीची गाठ आणखी घट्ट केली.