वाऱ्याचा डोळा

भोरचे दीनानाथ सर रिटायर झाले तरी रोज सकाळी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका इंग्रजी शब्दाचं मूळ पाठवायचे. चार अंगठे उमटायचे, मग दिवसभर फोन मुका.

परवा नजरचुकीनं त्यांनी 'विंडो' लॅटिनमधून आला असं लिहिलं. लगेच वेल्ह्याहून शिवानीचा फोन आला.

"सर, चुकलं बगा. विंडो म्हंजी वाऱ्याचा डोळा. जुन्या नॉर्स भाषेतला शब्द, तुमीच शिकवलं व्हतं." मग तिनं सरांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मालिनीकाकू गेल्यापासून जेवणाचं कसं करता, तेही विचारलं.

काल सरांनी शब्द बरोबर पाठवला. नुसते अंगठे आले.

आज त्यांनी डिक्शनरी उघडून 'सॅलरी'चं मूळ नीट तपासलं.

आणि चुकीचं पाठवलं.