वाजवून दाखव की!

“माउस हलवणं म्हणजे वाजवणं नव्हे, ताई!” धाकट्या भावाचं ते जुनं हसणं तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. कॉम्प्युटरवर हाय-हॅटच्या झांजांचा एकेक ठोका ती हलका-जड करी, केसभर मागेपुढे सरकवी, अगदी माणसानं वाजवल्यागत. आणि गाण्यावर ड्रमर म्हणून नाव लागे भावाचं.

या खेपेला वाजवणाऱ्याचे दोन्ही हात दुसऱ्या ड्रमांवर असतानाच तिनं हाय-हॅटवरही काठीचा एक ठोका मुद्दाम ठेवला.

गाणं गाजलं. भर कार्यक्रमात साथीदारांनी भावाला गळ घातली, “अरे, वाजवून दाखव की!” भाऊ नेमका त्याच ठोक्याशी तीनदा अडखळला आणि केविलवाणा होऊन समोर बसलेल्या ताईकडे पाहू लागला.



ताई सगळ्यांदेखत म्हणाली, “तिथं तीन हात लागतात रे, राजा. आणि ते तिन्ही माझे आहेत.”