पायाला चावणारे स्केट्स

“तोंड पाड. पायाला चावतात म्हण,” जुन्या बाजारात मी स्केट्स घालताना मावशी कानात कुजबुजली. सोमवारी शाळेच्या स्केटिंग टीमची निवड होती आणि नवे परवडणारे नव्हते.

पण ते चावत कुठे होते! उभी राहिले ती सुटलेच. समया, पंखे, सायकली, सगळ्यांमधून गिरकी घेऊन परतले, तर दुकानापुढे ही गर्दी!

“काय ताई, चावतात का?” तिची कुजबुज ऐकलेला दुकानदार मावशीला म्हणाला. “आता रुपयाही कमी होणार नाही.”

माझं तोंड खरंच पडलं.

मावशी मात्र गर्दीकडे बघत होती. “दादा, सकाळपासून माशी तरी फिरकली होती का इथे? पोरीने जाहिरात केली, ती काय फुकट?”

दुकानदाराने हात जोडले. मावशीने सांगितलेल्या भावात स्केट्स दिले, वर गुडघ्यांची पॅड्सही.

मावशीने ती उलटसुलट करून पाहिली. “आणि कोपरांची?”