चढावर तिसरा गिअर

गाडीचा प्लग बाहेर आला तो काजळी धरलेल्या वातीसारखा. सासूबाईंनी तो नाकाशी नेऊन हुंगला आणि सुनेच्या हातात ठेवला.

"बघा डॉक्टरीणबाई. कसा आहे दात?"

"गेलाय कामातून," सून म्हणाली. "काढूनच टाकायला हवा."

सून दातांची डॉक्टर. सासूबाईंचं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात गेलं होतं. पण स्वतःच्या या लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मुलाला एकदा दिला आणि पहिल्याच कोपऱ्यावर खाली उतरवला. आता त्यांचा डावा गुडघा क्लच दाबू देत नव्हता. गाडीही थकली होती. घाटाच्या शेवटच्या वळणावर दर वेळी धाप लागून बंद पडायची. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ संध्याकाळी ती न्यायला येणार होते. सासूबाईंनीच हो म्हटलं होतं.

सकाळी मात्र चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "अशी खोकत खोकत नाही पाठवायची तिला. एकदा घाट चढू दे." सुनेनं दवाखाना बंद ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

नवे प्लग बसले. कडक झालेल्या वायरी निघाल्या, नव्या लागल्या. मग प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट. सासूबाईंनी पोलादाची पातळ पट्टी पुढे केली. "ही मधून सरकली पाहिजे. पण लोण्यातून सुरी जाते तशी नको, जरा अडत अडत."

"दातांच्या फटीतून दोरा जातो तशी?"

"तश्शी."

सुनेनं हात स्थिर धरला. पट्टी सरकली. सासूबाईंनी आपला चष्मा पुसला, फट पुन्हा पाहिली आणि पुढचा पाना सुनेच्याच हातात दिला. त्यांची शाबासकी अशीच असते, हे सुनेला एवढ्या वर्षांत कळलं होतं. कौतुकानं तिचे कान गरम झाले.

एअर फिल्टरचा जुना डबा उघडला तर आत मळाचा थर. त्याच्या जागी उघड्या जाळीचा नवा फिल्टर आला. "आजवर तोंडावर रुमाल बांधून पळत होती बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "आता मोकळा श्वास घेईल, म्हणजे भूकही वाढेल." म्हणून कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा पितळी जेट काढून जरा मोठ्या भोकाचा बसवला. तो सासूबाईंच्या बोटांतून निसटून पडणार, तेवढ्यात सुनेनं चिमट्यानं झेलला. दोघीही हसल्या.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. "काय उत्साह आलाय दोघींना. संध्याकाळी तर जाणार ती."

"बाजूला हो," आई म्हणाली. "उजेड अडवतोयस."

सासूबाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा फिरवली. या वेळी ते चालू झालं, पण अडखळत, बोबडं. सून बॉनेटखाली वाकली आणि तिनं डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवायला घेतला.

"डावीकडे. अजून. अजून जरा. आता मागे ये, अगदी केसभर. थांब."

खडखड विरली. उरली ती नुसती घुमघुम, तळव्यांतून वर चढणारी. सुनेच्या अंगावर काटा आला. तिनं मान वर केली, तर सासूबाई गाडीतून उतरून, फेरी घालून पलीकडच्या सीटवर बसत होत्या.

"बस ना. की गाडी एकटीच जाणार आहे?"

"आई, गाडी तिला चालवायला देतेस?" मुलगा म्हणाला. सासूबाईंनी दार ओढून घेतलं.

गावाबाहेर पडेपर्यंत सुनेचे हात स्टिअरिंगवर आवळलेले होते. ती बोलणी खायची वाट बघत होती. क्लच, आरसा, वेग, काहीतरी निघेलच. सासूबाई मात्र डोळे मिटून इंजिन ऐकत होत्या. घाट लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी न अडखळता चढ चढत होती आणि उघड्या टपावरून वारा दोघींच्या कानांत शिरत होता.

शेवटचं वळण समोर आलं, भिंतीसारखं उभं. सुनेचा हात गिअर उतरवायला गेला.

"तिसराच राहू दे," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "दाब."

"बंद पडली तर?"

"दाब गं."

तिनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एक क्षण काहीच झालं नाही. मग इंजिनानं आवाज बदलला आणि गाडीनं दोघींना पाठीमागून ढकलल्यासारखं वर नेलं. वळण कधी संपलं ते कळलंच नाही. एकदम आभाळ समोर आलं. सासूबाई डॅशबोर्डवर थापा मारत हसत होत्या, पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलीसारख्या.

वर सपाटीला सुनेनं गाडी थांबवली. तिला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. मुलगा होता.

"आई, ते गृहस्थ लवकरच आलेत. काय सांगू त्यांना?"

"चहा दे. आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांग." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

इंजिन चालूच होतं. दोघी ते ऐकत बसल्या.

"एक कार्बोरेटर कमी पडतो हिला," सासूबाई जरा वेळानं म्हणाल्या. "जोडी बसवू या."

"इतकी वर्षं का नाही बसवली तुम्ही?"

"दोन्ही एकाच वेळी जुळवावे लागतात. एक इकडून बघणार, एक तिकडून." सासूबाईंनी वाऱ्यानं विस्कटलेले केस कानामागे सारले. "एकटीचं काम नाही ते."