जपलेला घसा

जंगलाच्या माहितीपटांना आवाज देऊन देऊन तो अगदी मेटाकुटीला आला होता. दिवसभर काचेच्या खोलीत बसून झाडांच्या मुळांबद्दल आणि वाघिणीच्या पिल्लांबद्दल मधाळ बोलायचं, आणि घरी आलं की घसा जपायचा. त्यामुळे घरात त्याचा सगळा कारभार खुणांवर चाले. आईने "जेवतोस का?" विचारलं की मान हलायची, "बरं नाही का रे?" विचारलं की हात.

आज तो आला तेव्हा आई टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर कळपातली म्हातारी हत्तीण मागे पडली होती आणि त्याचाच आवाज तिला विचारत होता, "थकलीस ना? बस जरा. घाई कुणाला आहे?"

आपलाच आवाज ऐकून त्याचं डोकं उठलं.

"अगं, काय बघत बसतेस हे? वाघ झोपा काढतात, झाडं जागची हलत नाहीत, आणि आम्ही आपलं पानापानाचं कौतुक करायचं! पोटासाठी करतो म्हणून, नाहीतर मी ढुंकूनही बघितलं नसतं." त्याने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

आईने कोमट पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. त्याच्या घशासाठी तो रोज तयारच असे.

"मला तरी कुठे हत्तींचं वेड आहे?" ती म्हणाली. "पण 'थकलीस ना' असं तू तिथंच विचारतोस रे."