अनुभव

सुनेचं हल्ली काही खरं दिसत नव्हतं. परक्या भाषेच्या क्लासला जायला लागल्यापासून आरशासमोर उभी राहून गोड हसत काहीबाही पुटपुटायची. आज त्या पुटपुटण्यात "सासूबाई" हा शब्द स्वच्छ ऐकू आला आणि सासूबाईंचं माथं भडकलं.

"मला कळत नाही म्हणून माझ्याच घरात मला शिव्या? उद्यापासून क्लास बंद!"

"शिव्या नाहीत हो आई! मुलाखतीची तयारी करून घेतात तिथे. कडक साहेबाच्या हाताखाली काम जमेल का, असं विचारतात. मी म्हटलं, सासूबाईंच्या हाताखाली नऊ वर्षं काढलीत."

सासूबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"नऊच कशाला सांगतेस, बावळट? माझ्या हाताखालचं एक वर्ष बाहेरच्या दोन वर्षांना भारी आहे. चांगली अठरा सांग!"