नऊ चौकोन

वसाहतीच्या काळातल्या नऊ बड्या साहेबांच्या तसबिरी नगरभवनातून उतरवून गोदामात टाकल्या, त्याला महिना झाला होता. भिंतीवर फिकट चौकोन तेवढे उरले. सफाईवाल्या मावशी सवयीने तेही पुसत होत्या.

प्रत्येक चौकोनात, साहेबाचं डोकं असायचं तिथे, तेलकट काळा डाग होता. मावशींच्या घरी त्यांचे सासरे वर्षानुवर्षं भिंतीला डोकं टेकून बसत, तिथे पडला होता तसाच.

"मावशी, यावर रंगच धरत नाही," रंगारी म्हणाला. "तीन हात दिले. सकाळी पुन्हा तेच."

मावशींना त्याचं काही वाटलं नाही. तीस वर्षं ही तोंडं पुसून झाली होती. शेवटच्या डागावर त्यांनी तळहात टेकवला.

नुकत्याच उठलेल्या माणसाची उशी जशी कोमट असते, तसा तो कोमट होता.